जीप सुरू केली की १९ नंबर सेटमध्ये खरखर (जुन्या लष्करी गाड्या आणि रेडिओ जपणाऱ्यांसाठी)

रानगाडी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी जीप आहे. आधीच्या मालकाने ती पूर्ण उघडून, घासून, रंगवून घेतली होती. दिसायला देखणी आहे आणि इंजिनही तक्रार करत नाही. मागच्या बाजूला वायरलेस सेट नंबर १९, म्हणजे त्याच काळातला लष्करी रेडिओ, बसवलाय. जीप सहा व्होल्टची आणि सेट बारा व्होल्टचा, त्यामुळे सेटची बॅटरी वेगळी आहे. दोघांचा संबंध फक्त चासीपुरता.

इंजिन बंद असताना सेट सुरेख ऐकू येतो. इंजिन सुरू केलं की संपलं. टक-टक-टक अशी खरखर सुरू होते, ॲक्सिलरेटर दाबला की ती दाट होत जाते आणि तिच्याखाली एक बारीक शीळ असते. एरियल काढली तर दोन्ही आवाज जवळजवळ जातात, म्हणजे हा त्रास बॅटरीच्या वायरीतून नव्हे तर हवेतून येतोय असा माझा कयास आहे.

प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर नवा. आता कुठे बघू?

सहाव्होल्ट

कयास बरोबर आहे. पण टकटक आणि शीळ हे दोन वेगळे आजार आहेत, त्यामुळे आधी त्यांना वेगळं काढा. त्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी: सेट चालू ठेवा, इंजिनाचा वेग वाढवा आणि एकदम इग्निशन बंद करा. इंजिन थांबेपर्यंतचे दोन-तीन क्षण नीट कान देऊन ऐका. जो आवाज बटण फिरवताच तोडल्यासारखा थांबला तो इग्निशनचा. जी शीळ इंजिनाबरोबर खाली उतरत उतरत विझली ती डायनॅमोची. इंजिन वेगात असताना मध्येच, ठेका नसलेली तडतड येत असेल तर रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट बघा. आणि गाडी उतारावर इंजिन बंद ठेवून सोडली तरी आवाज येत असेल तर ती चाकांवर साठणारी स्थिर वीज.

आता मुख्य मुद्दा. तुमची जीप रंगवली तेव्हा बाँडिंगच्या पट्ट्यांचं काय केलं ते शोधा. माझा दाट संशय तिथे आहे. रेडिओ बसवायच्या गाड्यांमध्ये बॉनेट, बॉडी, इंजिन, एक्झॉस्टचा पाइप, डॅशबोर्डमधून जाणाऱ्या केबल हे सगळं कथील चढवलेल्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी चासीला जोडलेलं असायचं. बोल्टाखाली दातेरी वॉशर असायचे, त्यांचे दात रंग फोडून थेट लोखंडात रुततात. असं सगळं जोडलं की बॉनेट ही इंजिनावरची झाकणी बनते आणि ठिणगीचा गोंगाट आतच राहतो. जोड तुटला की तेच बॉनेट एरियल होऊन गोंगाट बाहेर फेकतं.

बॉनेटवरच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर दिसतं ना, ते यासाठीच. या गाडीचा रेडिओला होणारा अडथळा दाबलेला आहे, अशी ती खूण.

अजून एक. प्लगच्या वायरी नव्या आहेत म्हणता, पण त्या साध्या तांब्याच्या आहेत का? मूळ व्यवस्थेत प्रत्येक प्लगवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वायरीवर साधारण दहा हजार ओहमचा सप्रेसर, म्हणजे गोंगाट दाबणारा रेझिस्टर, असायचा. तो नसेल तर पट्ट्या लावूनही टकटक पूर्ण जाणार नाही.

एरियलवाला

सहाव्होल्टशी शंभर टक्के सहमत. अनेकांना वाटतं की गाडी दुरुस्त करणं हा एक छंद आणि रेडिओ दुरुस्त करणं हा दुसरा. तसं नाही. १९ नंबर सेट मुळातच रणगाड्यासाठी बनवला होता. त्यात ‘ए’ सेट लांब पल्ल्याचा, दोन ते आठ मेगाहर्ट्झ; ‘बी’ सेट जवळच्या रणगाड्यांशी बोलायला, २३० मेगाहर्ट्झच्या आसपास; आणि शिवाय आतल्या माणसांना आपापसात बोलायला इंटरकॉम. म्हणजे चासीचं अर्थिंग, डायनॅमो, सीटखालची बॅटरी हे सगळं त्या सेटच्या सर्किटचाच भाग धरून आराखडा केलेला आहे. टेबलावर उत्तम चालणारा सेट गाडीत बसवल्यावर नापास होतो तेव्हा दोष बहुतेक वेळा गाडीत असतो.

मूळ_रंग

वाचतोय. पण एक शंका. पट्टीसाठी उघडं लोखंड ठेवायचं म्हणजे तिथे गंज येणार. मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतोय की प्रत्येक जोड रंगाखाली पूर्ण बंद करा, बोल्टाच्या भोकाच्या आतही प्रायमर फिरवा. आता तुम्ही नेमकं उलटं सांगताय.

सहाव्होल्ट

@मूळ_रंग, क्रम बदलला की दोन्ही साधतं. पट्टीच्या टोकापेक्षा किंचित मोठं वर्तुळ घासून चकचकीत करा, अगदी पातळ ग्रीस लावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट पूर्ण आवळा, आणि मग वरून सगळ्या जोडावर रंग मारा. दात जिथे रुतलेत तिथे हवा पोचत नाही, बाकीचं रंगाने झाकलं जातं. जोड आधी आणि रंग नंतर, एवढंच पाळायचं.

ओहममीटरवर मात्र फार विसंबू नका. शून्याजवळचा आकडा दिसला म्हणजे रेडिओच्या कंपनसंख्येलाही तो जोड चांगला आहे असं होत नाही. म्हणून पट्टी रुंद आणि आखूड हवी. लांब गोल वायर लावलीत तर मीटर खूश होईल, सेट होणार नाही.

नवशिका

खूप छान धागा. मला या छंदात यायचंय, गाडी की रेडिओ ते ठरत नाही. मनात फेरेट चिलखती गाडी भरली आहे. सुरुवात तिच्यापासून केली तर?

जड_वाहन

@नवशिका, फेरेट माझ्या अत्यंत जिव्हाळ्याची गाडी आहे, म्हणून नीट सांगतो. डेमलर कंपनीने ती १९५२ ते १९७१ या काळात बनवली, आत रोल्स-रॉइसचं सहा सिलिंडरचं बी६० इंजिन. ते इंजिन गुणी आहे. अडचण बाकीच्या यंत्रणेची आहे.

गिअरबॉक्स प्रीसिलेक्टर आहे. म्हणजे पुढचा गिअर आधी लिव्हरने निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा डावा पेडल दाबून सोडायचा. साध्या क्लचची सवय असलेला पाय तिथे अर्धवट दाबतो. अर्धवट दाबलं आणि गिअर नीट बसला नाही की पेडल प्रचंड जोराने उलटा उसळतो. पायाला चांगलीच इजा होऊ शकते. तेव्हा पेडल पूर्ण खाली न्यायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडायचं.

दुसरी गोष्ट, तिला मध्ये एकच डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आहे. एका बाजूची पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधलेली असतात. मऊ मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर घसरायला जागाच नाही, मग तो ताण शाफ्ट आणि बेव्हल बॉक्समध्ये साठत जातो. लांब पक्क्या रस्त्यावर ती सलग दामटली की तेल तापतं, गिअर खातात. अधूनमधून एक बाजू खडबडीत कडेवर उतरवून ताण मोकळा करायचा असतो. टायर झिजलेला बदलायचा तर जोडीतला दुसराही बघायचा, कारण दोघांच्या घेरात फरक पडला की ताण कायमचाच.

आणि वजन जवळपास चार टनांचं. इंजिन काढायचं तर वरून उचलायची सोय हवी. एकट्याने, साध्या जॅकवर करायचं हे काम नव्हे. तुमचं मन मोडत नाही, फेरेट घ्याच, पण दुसरी गाडी म्हणून.

रानगाडी

@नवशिका, पहिली गाडी म्हणून जीपच घ्या असं मी म्हणेन. विलीस आणि फोर्ड मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि नवेही बनतात. इंजिन साधं, १३४ घन इंचाचं, साठ अश्वशक्तीचं. पुस्तक तर अप्रतिम आहे. अमेरिकन सैन्याचं टीएम ९-८०३, १९४४ सालचं. त्या वेळी लष्करात भरती झालेल्या, पाना हातात न धरलेल्या माणसाला समजेल असं लिहिलंय. पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, सगळं त्यात आहे.

घेताना मात्र चासी बघा, बॉडी नव्हे. नवी बॉडी मिळते. वाकलेली, जागोजागी वेल्डिंग केलेली चासी म्हणजे डोकेदुखी. फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये, म्हणजे फोर्डने बनवलेल्या याच जीपमध्ये, क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूला ठोकलेला असतो, विलीसमध्ये आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर. फोर्डने बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा आपलं ‘एफ’ अक्षर उमटवलंय. विलीसची चासी, फोर्डची बॉडी आणि तिसऱ्याच गाडीचं इंजिन असा मेळ फार वेळा सापडतो. त्यात वाईट काही नाही, युद्धकाळातल्या वर्कशॉपमध्येही तेच व्हायचं. फक्त विकणारा ‘सगळं मूळ’ म्हणत असेल तर या खुणा तपासून बघा.

सहाव्होल्ट

रानगाडींच्या यादीत एक भर. सहा व्होल्टची जीप स्टार्टरला जड वाटली की लोक लगेच बारा व्होल्ट करायला निघतात. त्याआधी बॅटरीच्या केबल बघा. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणजे केबलही तशीच जाड हवी. आजच्या गाड्यांची सडपातळ केबल लावली की स्टार्टर रडतखडतच फिरणार. जाड केबल, घासलेली टोकं आणि इंजिन ते चासी नीट अर्थिंग, एवढ्यावर मूळ सहा व्होल्ट व्यवस्थित चालतं.

जड_वाहन

नवीन माणूस धागा वाचतोय म्हणून ही गोष्ट आताच लिहितो. कृपया कुणीही घाईने वाचू नका.

जुन्या लष्करी गाड्यांची बरीच चाकं दोन तुकड्यांची असतात. जीपचं कॉम्बॅट रिमही तसंच. दोन अर्धी ताटं बोल्टांनी एकमेकांना जोडलेली आणि मध्ये टायर. चाकाला दोन प्रकारचे नट दिसतात. एक, चाक हबला धरणारे. दुसरे, रिमचे दोन तुकडे धरणारे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सैल केले तर रिम बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. माणसं मेली आहेत यात. ब्रिटिश गाड्यांवर हे नट लाल रंगवायची पद्धत होती, ती याचसाठी. आता गाडी नव्याने रंगवणारे सगळं एकजात हिरवं करून टाकतात आणि ती सूचना पुसली जाते.

नियम एकच: रिमच्या नटांना पाना लावण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडायची, आणि व्हॉल्व्हमध्ये तार घालून तो गंजाने किंवा चिखलाने बुजला नाही याची खात्री करायची. ट्रकच्या लॉक-रिंगवाल्या चाकात हवा भरताना लोखंडी पिंजरा वापरायचा, आणि नळी इतकी लांब हवी की आपण चाकासमोर उभं राहणार नाही. पिंजरा नसेल तर ते काम जिथे पिंजरा आहे तिथे न्यायचं.

नट पुन्हा लाल रंगवा. प्रदर्शनात कुणी ‘हे मूळ छटेत नाही’ म्हणालं तर म्हणू दे.

तारायंत्र

जड_वाहन, फार चांगलं केलंत हे लिहिलंत. मी त्याला रेडिओच्या बाजूची जोड देते.

अंधारात चमकणारे जुने मीटर, कंपास, स्विचवरचे ठिपके यांत बऱ्याचदा रेडियम असतं. रंग आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं अजिबात नाही. मंदावतं ते त्यातलं चमकणारं द्रव्य, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काचेच्या आड बंद असेल तोवर हात न लावता ठेवा. खरवडू नका, पॉलिश पेपर लावू नका, काच फुटली असेल तर तो तुकडा बंद पिशवीत घालून बाजूला ठेवा. धोका आहे तो धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. असे मीटर पुष्कळ असतील तर खोली हवेशीर ठेवा, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो.

सेलेनियम रेक्टिफायर, म्हणजे चौकोनी पत्र्यांची चळत दिसते ते, जळले तर निघणारा धूर विषारी असतो. खोली सोडून बाहेर जा. तेलाने भरलेल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, गळत असेल तर हातमोजे घाला. गाडीवाल्यांसाठी: जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि सायलेन्सरच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेक ड्रम उडवून साफ करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि १९ नंबर सेटमध्ये प्रेषकाच्या ८०७ व्हॉल्व्हला (टायरचा नव्हे, रेडिओतली काचेची नळी) पाचशे व्होल्टच्या आसपास मिळतात. बॅटरी बारा व्होल्टची आहे या भ्रमात झाकण उघडून हात घालायचा नाही.

नवशिका

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. जीप नक्की. पण तोवर हाताला काम म्हणून रेडिओ घ्यावा असं वाटतंय. तो छोटा हातात धरायचा, एरियल ओढली की सुरू होणारा?

तारायंत्र

तो एससीआर-५३६, त्याच्या डब्याचं नाव बीसी-६११. मोटोरोलाने बनवलेला, पाच व्हॉल्व्ह, साडेतीन ते सहा मेगाहर्ट्झमध्ये क्रिस्टलने ठरलेला एकच चॅनल. फार गोड यंत्र आहे. पण त्याच्या भावाशी गोंधळ करू नका: पाठीवरचा एससीआर-३०० वेगळा, तो एफएमवर ४० ते ४८ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि त्यात अठरा व्हॉल्व्ह आहेत.

बीसी-६११ ला दोन बॅटऱ्या लागायच्या: फिलामेंटला दीड व्होल्ट, प्लेटला १०३.५ व्होल्ट. या आता बनत नाहीत. नऊ व्होल्टच्या अकरा चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की प्लेटचं काम होतं. फिलामेंटला मात्र दीड व्होल्टच्या वर काहीही लावू नका. ते केसाहून बारीक असतात आणि क्षणात जातात. पहिल्यांदा जोडताना आधी फिलामेंटची बॅटरी, मीटरने खात्री, मग प्लेटची. दुसऱ्या चॅनलवर न्यायचा असेल तर घेण्याचा क्रिस्टल पाठवण्याच्या क्रिस्टलपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वर असावा लागतो, आणि कॉइलही बदलावी लागते.

ऐकायला अडचण नाही. पाठवायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना काढा आणि परवान्यातल्या पट्ट्यातच बोला. १९ नंबर सेट ऐंशी आणि चाळीस मीटर पट्ट्यात बसतो, पाठीवरचा पीआरसी-७७ सहा मीटरमध्ये. एससीआर-३०० नेहमीच्या हौशी पट्ट्यांत बसत नाही, तो ऐकण्यापुरता आणि जपण्यापुरता.

एरियलवाला

जुना व्हॉल्व्ह सेट हातात आला की पहिला मोह होतो तो थेट बॅटरी लावून बघायचा. ती घाई कधीच करू नये. आत सगळ्यात आधी मरतात ते कागदी कंडेन्सर. मेणात बुडवलेला कागद दशकानुदशकं ओल पितो आणि कंडेन्सर गळायला लागतो. दोन टप्प्यांच्या मधला कंडेन्सर गळला तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो, आणि त्याच्याबरोबर ट्रान्सफॉर्मर जातो. व्हॉल्व्ह मिळेल, त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आर-३९०ए या रिसीव्हरमध्ये आहे. त्यात सी-५५३ नावाचा एक कंडेन्सर आहे. तो गळला की प्लेटचं व्होल्टेज मेकॅनिकल फिल्टरच्या बारीक कॉइलमध्ये शिरतं आणि फिल्टर जळतात. एका किरकोळ भागापायी त्या रिसीव्हरचं काळीजच जातं. म्हणून तो सेट घेतला की पहिला बदलायचा तो सी-५५३, बाकी सगळं नंतर.

सरसकट सगळं बदलावं या मताचा मात्र मी नाही. मायका कंडेन्सर बहुतेक चांगले असतात, त्यांना हात लावू नका. कागदी बदला. इलेक्ट्रोलिटिक आधी मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज देऊन जागे होतात का बघा. गळती उतरली नाही तर बदला.

मूळ_रंग

बदललेला कंडेन्सर दिसतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये मधोमध चकचकीत पिवळा तुकडा.

एरियलवाला

@मूळ_रंग, त्यावर उपाय आहे आणि मी तोच करतो. जुन्या कंडेन्सरचं नळकांडं मंद उष्णतेवर धरलं की टोकाचं मेण मऊ होतं, आतली गुंडाळी ओढून काढता येते. रिकाम्या नळकांड्यात आजचा छोटा कंडेन्सर बसवायचा, तारा दोन्ही टोकांतून बाहेर काढायच्या, तेच मेण वितळवून टोकं बंद करायची. छापील अक्षरं जशीच्या तशी राहतात. काढलेला मूळ ऐवज मी लहान पाकिटात घालून, कुठला भाग ते लिहून, सेटच्या पेटीतच ठेवतो. पुढे कुणाला काय बदललं ते कळायला हवं.

मूळ_रंग

हे पटलं. आता माझ्या बाजूचं थोडं लिहितो.

जुन्या गाडीचा रंग म्हणजे तिची कागदपत्रं असतात. पूर्ण घासून लोखंडापर्यंत नेणारे लोक ती कागदपत्रं जाळतात असंच मी म्हणेन. निदान बॉनेट, बंपर, दारं या जागी थांबा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू, गोल-गोल घासा. थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे उघडतात: वरचा नवा हिरवा, मग कुठल्या तरी मालकाचा निळा किंवा लाल, मग प्रायमर, मग लष्कराचा ऑलिव्ह ड्रॅब, आणि त्यात अडकलेलं एखादं अक्षर. दिसलं की थांबायचं, फोटो काढायचा, मोजपट्टी ठेवून पुन्हा काढायचा, मगच पुढे. घासकाम ओलंच करा आणि मास्क घाला, जुन्या रंगांत शिसं असतं.

मूळ रंग साठ-सत्तर टक्के टिकला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रंगवूच नका. साफ करा, गंज थांबवा, तसंच ठेवा. पुन्हा रंगवणं उद्याही करता येतं, मूळ थर परत आणता येत नाही.

जड_वाहन

इथे माझा मतभेद. गाडी चालायला हवी. उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर धरतात, टाकी गंजते. आणि चालवायची तर भाग झिजणार, बदलावे लागणारच. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा बघा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला. १९९० ते २०१२ एवढा काळ त्याचं काम चाललं, आणि चालता ठेवण्यासाठी त्यात संग्रहालयातल्याच किंग टायगर या दुसऱ्या जर्मन रणगाड्याचं इंजिन बसवलं. ते इंजिन सुरू होतं तेव्हा लोकांना जे कळतं ते काचेआडच्या रणगाड्यातून कळत नाही.

मूळ_रंग

आणि तोच रणगाडा वर्षातून अगदी मोजक्या वेळा बाहेर काढतात, तेही हवा-पाणी बघून. बाकी वेळ जपूनच ठेवतात. तुमचं उदाहरण माझ्या बाजूनेही बोलतं. लाखोंनी बनलेली जीप चालवा, मजेत चालवा. एखादीच उरलेली गाडी असेल तर तिच्याबाबत दहादा विचार करा, एवढंच माझं म्हणणं.

जड_वाहन

एवढ्यावर आपलं जुळतं.

मग चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द देखभालीचे. महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवणं म्हणजे देखभाल नव्हे. तेवढ्यात इंजिन कोमट होतं, सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साचतं आणि ते तसंच राहतं. सुरू केली तर सगळं पूर्ण तापेपर्यंत, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचं तेलसुद्धा, रस्त्यावर चालवायची. नाहीतर सुरूच करू नका.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नका. ते ओल ओढून घेतं, जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा खातं. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

ब्रेक ऑइलबद्दल: डॉट ३ आणि ४ पाणी शोषतात, उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, पाणी शोषत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीला ते चांगलं. पण दोन्ही एकत्र करायचं नाही. बदलायचं तर सगळी रबरं नवी, नळ्या स्वच्छ, मगच. आणि डॉट ५.१ म्हणजे सिलिकॉन नव्हे, ते ३-४ च्याच घरातलं आहे; डबा घेताना नीट वाचा.

सहाव्होल्ट

चोवीस व्होल्टच्या गाड्यांवाल्यांना एक विनंती. १९५० नंतरच्या अमेरिकन गाड्या, एम३८ या युद्धानंतरच्या जीपपासून पुढे, चोवीस व्होल्टच्या. त्यात बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. बारा व्होल्टचा सेट चालवायला लोक मधून फाटा काढतात. करू नका. एकच बॅटरी रिकामी होते आणि डायनॅमो दोघींना सारखंच भरत राहतो. एक उपाशी राहते, दुसरी उकळते. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा किंवा रानगाडींसारखी वेगळी बॅटरी ठेवा. शिवाय कुठल्याही गाडीत सेट जोडण्याआधी चासीला धन आहे की ऋण ते मीटरने बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चासीला असलेलं पुष्कळ आढळतं.

रानगाडी

मंडळी, प्रगती सांगतो.

सहाव्होल्ट म्हणाले तशी चाचणी केली. टकटक बटणासरशी थांबते, शीळ इंजिनाबरोबर उतरते. म्हणजे दोन्ही आजार आहेत.

बॉनेटची पट्टी जागेवर होती, पण तिच्या दोन्ही टोकांखाली रंगाचा पूर्ण, सलग, सुंदर थर. बोल्टाखाली साधा वॉशर. पट्टी उचलली तर खाली तिच्या विणीचा ठसा रंगात उमटलेला. फायरवॉलकडे इंजिनाची पट्टी तर नव्हतीच, नुसतं भोक. सगळीकडे वर्तुळं घासली, दातेरी वॉशर घातले, नवी विणलेली पट्टी आखूड कापून लावली. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या निघाल्या, सप्रेसर बसवले.

एकेक जोड आवळत होतो आणि घरातलं माणूस सेटवर ऐकत होतं. बॉनेटची दुसरी बाजू आवळली तसा आतून आवाज आला, ‘आता माणूस बोलतोय ते कळतंय.’ टकटक आता इतकी कमी आहे की कमजोर स्टेशन ऐकतानाच जाणवते.

आणि @मूळ_रंग, तुमचं वाचून बॉनेटची बाजू ओल्या पेपरने घासली. आधीच्या मालकाने घासकाम तिथे पूर्ण केलं नव्हतं. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे दिसले, आणि त्यांच्यामागे, छोटी आडवी रेघ सोडून, ‘एस’. फोटो काढून थांबलोय.

शीळ मात्र तशीच आहे. डायनॅमोवर कंडेन्सर लावायचा म्हणतात, तो नेमका कुठल्या टोकावर?

मूळ_रंग

त्या जागेवर आता कुठलाही रंग चढवू नका. हात जोडून सांगतो. पातळ मेणाचा हात द्या आणि तसंच ठेवा.

सहाव्होल्ट

वा! ‘एस’ निघाला म्हणजे ती भोकं, त्या पट्ट्या सगळं मूळचंच होतं. अभिनंदन.

शिळेसाठी कंडेन्सरच्या आधी डायनॅमोचा मागचा पट्टा काढून ब्रश बघा. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग) काळा, चरे पडलेला असेल तर शीळ तिथेच जन्मते. बारीक काचकागदाने साफ करा. एमरी वापरू नका, तिचे कण वीज वाहतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार लाकडाने मोकळ्या करा. ब्रश अडकून न बसता स्प्रिंगने मोकळा सरकतो का बघा.

त्यानंतरही शीळ उरली तर कंडेन्सर आर्मेचरच्या टोकावर, म्हणजे जाड वायर निघते तिथे, आणि त्याचं अंग डायनॅमोच्या अंगावर घासून आवळलेलं. फील्डच्या टोकावर चुकूनही लावू नका. तिथे लावला तर रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट जळतात.

रानगाडी

समजलं, तसंच करतो. कम्युटेटर उघडला की फोटो टाकतो.

आणखी एक विचारून घेतो, @तारायंत्र. सेटच्या आत रबराचं आवरण असलेल्या वायरी आहेत. हात लागला की रबराचा भुगा पडतो. आता चालतोय, पण किती दिवस?

तारायंत्र

आता चालत असला तरी वायरी बदलेपर्यंत बंद ठेवा. १९ नंबर सेटचा हा नेहमीचा आजार आहे. रबर गेलं की उघडी तार चासीला टेकते आणि पाचशे व्होल्ट नको तिथे जातात. वायरिंग बदलावंच लागेल, पण सगळं एकदम कापू नका.

आधी चारही बाजूंनी फोटो. मग एका वेळी एकच वायर: दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी, नवी वायर शेजारून टाकून डाग देऊन झाली की मगच जुनी काढायची. उच्च व्होल्टेजच्या आणि हीटरच्या वायरी आधी, कारण त्या तापतात आणि तिथलं रबर सगळ्यात आधी जातं. कापडी आवरणाची, आत चांगलं इन्सुलेशन असलेली वायर मिळते, ती जुन्यासारखीच दिसते. ग्रिडकडे जाणाऱ्या वायरींची लांबी आणि वळण जुन्याप्रमाणेच ठेवा, जरा जरी हलली तरी सेटचं ट्यूनिंग सरकतं. प्रत्येक वायरीनंतर मीटरने चासीशी शॉर्ट नाही ना ते बघत चला. आणि जुन्या वायरीच्या चिठ्ठ्या फेकू नका, सेटच्या पेटीत ठेवा.